आडवी फौज

३ फेब्रुवारी
ठरलं. मागच्या खोलीचा निकाल टेबलावर लागणार. बाबा गेल्यापासून ती कुलूपबंद आहे आणि किल्लीवर दादाचा आणि माझा, दोघांचाही डोळा. खेळातले बोटभर सैनिक रंगवायला तिथल्या खिडकीसारखा उजेड सगळ्या घरात नाही. २८ला खेळाच्या क्लबात त्यांची फाशांवर लढाई. जिंकेल त्याची खोली. दादाला असा तुडवणार आहे की पुन्हा ब्रश हातात धरायचा नाही.
बायको म्हणाली, खोली मिळो न मिळो, महिनाअखेर जेवणाचं टेबल मोकळं पाहिजे. म्हणजे हरलो तर माझी फौज रस्त्यावर. पण हरायचा प्रश्न येतो कुठे?

५ फेब्रुवारी
क्लबच्या पंचांना भेटून आलो. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि सगळं दोनदा सांगतात. रंगवलेलेच सैनिक लढतील. उभे असलेलेच लढतील. आडवा दिसला की तो देखावा, झाडाझुडपांसारखा. हो हो म्हटलं. मला नियम शिकवतात!
माझी फौज साठ. रंगवलेले शून्य. भरपूर वेळ आहे.

७ फेब्रुवारी
रंगवायला बसलो आणि भन्नाट सुचलं. लढाई आधी मनात जिंकायची असते. दादा टेबलापाशी आला की त्याला फुटलेली तटबंदी दिसली पाहिजे, चिखल दिसला पाहिजे आणि चिखलात त्याच्या माणसांच्या खांडोळ्या. हात इकडे, पाय तिकडे. तिथेच गर्भगळीत होईल. पुढे फासे टाकणं म्हणजे नुसती औपचारिकता.
ऑफिसातून मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल आणला. तटबंदी उभारली आणि हातोडीने फोडली. उभारण्यापेक्षा फोडण्यात माझा हात चांगला चालतो.

१० फेब्रुवारी
पहिलं प्रेत. फौजेतलाच एक भालेवाला घेतला, तसाही त्याचा तोल जात होता. कटरने पोट उघडलं, पुट्टीची आतडी वळून बाहेर काढली. रक्ताची कृती जमली: लाल रंग, तपकिरी शाईचा थेंब, वर पारदर्शक डिंक. ब्रश ओढला की तार सुटते. बघून माझ्याच अंगावर काटा आला.
बायकोला दाखवायला नेलं. ती जेवत होती. ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

१२ फेब्रुवारी
अंगठा कापला. चांगला खोल. प्लास्टरच्या चिखलावर रक्त सांडलं आणि लक्षात आलं, आपला लाल फार भडक आहे. खरं रक्त सुकताना काळपट होतं. पट्टी नंतर बांधली, आधी रंग जुळवून घेतला. प्रेतं सगळी पुन्हा रंगवली. डॉक्टर म्हणाले, टाके घालायला आधी यायचं होतं. त्यांना कलेतलं काय कळतं?
जिवंत फौज उद्यापासून. नक्की.

१६ फेब्रुवारी
भिंतीपलीकडे दादाच्या रंगाच्या स्प्रेच्या डब्यातली गोळी खडखडतेय. सगळ्यांना एकच राखाडी कोट, बूट काळे, संपलं. निव्वळ कारकुनी. वहिनी सांगत होत्या, त्यांचे सगळे तयार आहेत. असू देत. कापायला नेलेलं बकरंही तयारच असतं.
इकडे चिखल भरत आलाय. एकाला घोड्याने चिरडलंय. दोघांनी एकमेकांचे गळे धरलेत आणि दोघेही मेलेत. प्रत्येक वेळी वाटतं, या कोपऱ्यात अजून एक हवा. घेतो एक, कापतो.
बायकोने विचारलं, यात उभे किती? तिला रणनीती कळत नाही.

२० फेब्रुवारी
आता कळस. वेशीवर भाला आणि भाल्यावर दादाचं मुंडकं! कालपासून पुट्टीचा गोळा घेऊन बसलोय, वाटाण्याएवढा. ऑफिसात पाठदुखी कळवली. खोटं नाही, वाकून वाकून खरंच धरलीये.

२४ फेब्रुवारी
मुंडकं झालं. जाड भुवया. टक्कल, जे दादाला अजून पडायचं आहे. जबडा किंचित डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. समोर फोटो नव्हता. राग असला की चेहरा बोटांतून उतरतो. मानेखाली रक्ताच्या तारा सोडल्या. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही.
मग उभे मोजले. एक ढोलवाला आहे.
बाकीचे कधी कापले गेले, कळलंच नाही. दुकानदार म्हणाला, नवी पेटी पुढच्या महिन्यात. हरकत नाही. दर्जा महत्त्वाचा, संख्या नाही.

२८ फेब्रुवारी
रणांगण मांडलं. सगळा क्लब गोळा झाला. पंचांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, असा देखावा इथे कधी झाला नाही. मग विचारलं, फौज कुठे?
ढोलवाला पुढे ठेवला. एकच डोळा रंगवलेला, दुसरा राहून गेला होता. बाकी फौज ही काय, म्हणत मी चिखलाकडे बोट दाखवलं. पंच म्हणाले, ते आडवे आहेत. दोनदा म्हणाले.
दादाने फासे टाकले. ढोलवाला पहिल्याच फैरीत मेला. खोली गेली. मला रडू येत होतं आणि दादाचा गळा धरावासा वाटत होता, दोन्ही एकदम.
तेवढ्यात त्याला भाल्यावरचं मुंडकं दिसलं. म्हटलं, आता तरी गर्भगळीत होईल. त्याने ते दोन बोटांत अलगद उचललं, उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिला.
"बाबा," तो म्हणाला. "दुपारी खिडकीपाशी खुर्चीत झोपायचे ना, अगदी तसे."
मी जवळ जाऊन बघितलं. बाबाच होते. दादाचा जबडा तर सरळ आहे.

१ मार्च
जेवणाचं टेबल मोकळं केलं. मेलेले सगळे बुटांच्या खोक्यात.
मागच्या खोलीचं दार उघडं होतं, तरी मी वाजवून आत गेलो. दादाने मुंडकं धुऊन खिडकीत ठेवलंय. रक्त निघालंय. धड तो करणार आहे, बसलेलं. मी म्हटलं, खुर्ची मी करतो, तुला खुर्च्या जमायच्या नाहीत. तो म्हणाला, बरं, करून आण.
जिन्याच्या पायरीवर बसून काडेपेटीच्या काड्यांचे चार पाय कापले. एक आखूड झाला. उद्या बाकीचे तीन त्याच्या मापाला आणतो. ही तरी उभी राहील.