गच्ची ते तळघर : एक न तुटलेला कॉल

सोमवार, ३ मार्च
आमच्या मोबाईल कंपनीच्या नव्या टॉवरची हद्द संपली की चालू कॉल नव्या नेटवर्कवरून जुन्या नेटवर्कवर न तुटता गेला पाहिजे, हे काम मोठ्या साहेबांनी माझ्यावर सोपवलं. शुक्रवारी ते स्वतः गाडीत बसून बघणार. जमलं तर विभागप्रमुख मीच. बाबांना सांगून टाकलं. जमणारच आहे, मग शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?
निश्चय : रोज सकाळी सहाला टेस्टिंग.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी ९.४०
सहाला जाग आली होती. डोकं ताजं राहावं म्हणून उठलो नाही.
माझी ज्युनिअर म्हणाली, सर, गाडी काढून हायवेला जाऊ. मी हसलो. ऑफिसच्या गच्चीवर नवं नेटवर्क, तळघरात फक्त जुनं. मधे लिफ्ट. पोरीला दृष्टीच नाही.

दुपारी ३
गच्चीवरून बायकोला कॉल लावला आणि तळघरात उतरलो. कॉल टिकला! लिफ्टमध्येसुद्धा आवाज खणखणीत. बायको म्हणाली, काम असेल तर बोल, नाहीतर ठेव, दूध उतू जातंय.

बुधवार, ५ मार्च
वीस फेऱ्या. एकही कॉल तुटला नाही. तेही एकाही सेटिंगला हात न लावता! काही माणसांच्या हातालाच यश असतं.
ज्युनिअरनं विचारलं, लिफ्टमध्ये कुणाचाच कॉल टिकत नाही, तुमचा कसा टिकतो? जळते.

गुरुवार, ६ मार्च
टेस्टिंग नाही. शर्टाला इस्त्री.
बाबांनी आत्याला, मामाला आणि शेजारच्या मास्तरांना बातमी दिली. जरा घाई झाली, पण खोटं काही नाही.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी १२
साहेब मागच्या सीटवर. कॉल चालू. गेट ओलांडलं, कॉल तुटला. पुन्हा लावला. नव्या टॉवरची हद्द संपली, पुन्हा तुटला. मी ढगांवर ढकललं. ड्रायव्हरनं काच खाली करून वर पाहिलं. एकही ढग नव्हता.
ज्युनिअरनं माझा फोन साहेबांना दाखवला. ऑफिसच्या वायफायवरून कॉल लावायची सेटिंग चालू. माझे लिफ्टमधले सगळे कॉल वायफायवरूनच गेले होते, एकाही टॉवरशी त्यांची गाठ पडली नव्हती.
साहेब रागावले नाहीत. म्हणाले, आपलं वायफाय चांगलं आहे. काम ज्युनिअरकडे गेलं. सोमवारपासून मी तिच्या गाडीत मागे बसून फोन धरायचा. तेही जबाबदारीचंच काम आहे.

संध्याकाळी ६
बाबांचा फोन. म्हणाले, काय विभागप्रमुख, आत्या इथेच बसलीय, तिला देतो.
मी दोनदा हॅलो, हॅलो केलं, कॉल तुटतोय म्हणालो आणि फोन बंद केला.
आवाज अगदी स्वच्छ येत होता.