तुमच्या डाव्या बाजूला

बाबा, आईच्या कपाळावरची टाक्यांची खूण आता सुरकुत्यांत मिसळून गेलीय. कुणी विचारलंच तर ती सांगते, ओट्यापाशी पाय घसरला. तुम्ही तिचे केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं होतं, दोनदा, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काकांचा बोन मॅरो तुम्हाला देऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. रक्ताचा कॅन्सर गेला, पण काकांच्या पेशींना तुमचं शरीर परकं वाटायचं, त्या आतून तुमच्यावर तुटून पडायच्या. कातडी तडकायची, तोंड सोलायचं, डोळ्यांतलं पाणी पार आटलं होतं. तिखट गेल्यासारखी आग व्हायची म्हणायचात. स्टेरॉइडचे थेंब घातले की तेवढा दिवस बरा जायचा. त्या दिवशी बाटली संपली होती आणि आणायला मी विसरले होते.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माणूस तापट होतो, असं नातेवाईक म्हणायचे. गोळ्यांआधीची वीस वर्षं त्यांनी कुठे पाहिली होती? भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात तुम्ही पॉलिशवर, मनगटात मशीनला पुरून उरेल एवढा जोर, आणि तो इंद्रलोकच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात निघायचा. गणितात नापास झाले तेव्हा मला पट्ट्याने फोडून काढलंत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी स्टीलचा डबा आणलात, स्वतः पॉलिश करून आरसा केलेला. त्यात मी माझा सुजलेला ओठ पाहिला. तरीही तो डबा मला आवडला, याचा अजून राग येतो.

आईच्या टाक्यांनंतर मी बाटली कधी संपू दिली नाही. मीरा रोडचा केमिस्ट जुन्याच चिठ्ठीवर देत राहिला, "ले जाओ बेटा, आपका तो हमेशा का है" म्हणत. असे कितीतरी महिने गेले. मग एका दुपारी चहात साखर कमी पडली म्हणून तुम्ही आईवर पेला भिरकावलात. ती तुमच्या डावीकडे, दोन हातांच्या अंतरावर उभी होती. पेला फ्रिजवर आपटला. तुमचा नेम चुकलेला आम्ही तोवर पाहिला नव्हता. "कुठे मेलीस?" तुम्ही ओरडलात. आई होती तिथेच, तुमच्या डावीकडे उभी होती.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बाकावर बसवून मला आत बोलावलं. "डोळ्यांतला दाब फार वाढलाय. या थेंबांनीच वाढलाय, ते आजच बंद करा. डावा डोळा गेलाय, तो परत येणार नाही. उजवा वाचवू." त्यांनी दाब उतरवणाऱ्या थेंबांची चिठ्ठी दिली आणि महिन्याने बोलावलं. बाहेर येताच तुम्ही विचारलंत, काय म्हणाला?

"काही नाही बाबा. आहे तेच चालू ठेवायचंय."

घरी परतताना वरसावेच्या नाक्यावर आपली रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. मी नवी चिठ्ठी फाडली, बारीक तुकडे केले आणि बाहेर सोडले. मी तुमच्या डाव्या बाजूला बसले होते. तुम्हाला दिसलं नाही.

पुन्हा ठाण्याला मी तुम्हाला नेलं नाही. दिवाळीपर्यंत उजवा डोळाही गेला. तुम्ही आवाजाच्या रोखाने हात उगारायचात, तो कधी दाराच्या चौकटीवर बसायचा, कधी कपाटावर. एकदा तुमचं बोट मोडलं. आम्ही चपला काढून घरात वावरायला शिकलो. नंतर छातीत जंतुसंसर्ग होऊन तुम्ही गेलात, पण डोळे गेल्यापासून तोपर्यंत त्या घरात कुणालाही मार बसला नव्हता. थेंब बंद केले तर आग होईल आणि आईचं डोकं पुन्हा फुटेल, म्हणून मी तसं केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ती भीती खरी होती. पण रिक्षात मला भीती वाटत नव्हती, बाबा. मला आनंद झाला होता.

ते थेंब आईच घालायची, दिवसातून चार वेळा, तुमची हनुवटी धरून, शिव्या खात. आजही शेजारणींना अभिमानाने सांगते, शेवटपर्यंत एक थेंब चुकवला नाही मी. मी समोर बसून चहा पिते. हा कागद तुम्ही पॉलिश केलेल्या त्या डब्यात ठेवणार आहे. डबा घासायला ती काढते, पण तिला आता चष्म्याशिवाय वाचता येत नाही, हे मला माहीत आहे.