चाळीसात नऊ पिवळे

दि. ३ जुलै

चि. खारूताईस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या बियांची झाडं फळांनी लगडली आहेत. गेल्या वर्षी मर रोगाने माझा वाफा आडवा केला होता, यंदा एक झाड मान टाकायला तयार नाही. पण टोमॅटो सगळे लाल, एका मापाचे, गणवेश घालून प्रार्थनेला उभे असल्यासारखे. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, एवढी शिस्त वर्गात पाहिली नाही. बाप तुमच्या बियाणे केंद्रातला दणकट लाल आणि आई माझी आंबटगोड पिवळी, असं तूच सांगितलंस. मग माझ्या पिवळ्याने दडी मारली कुठे? मी लग्न केलं नाही, पण तो वाण पोटच्या पोरासारखा पोसलाय.

आशीर्वाद आहेतच, वर्षभरात एकदा तोंड दाखवलंस तर वाढतील.
तुझी आत्या

दि. १२ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पिवळा गेला नाही, लालाच्या आड लपलाय. संकराच्या पहिल्या पिढीत असंच होतं. सगळी भावंडं सारखी आणि धट्टीकट्टी. मात्र यांचं बी धरू नकोस, पुढच्या पिढीत जो तो आपल्या वळणावर जातो. सगळे खाऊन टाक. कामाच्या गडबडीत येणं जमलं नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी खारूताई

दि. २० जुलै

चि. खारूताईस आशीर्वाद.

बरं बाई, खाते. मग माझं मूळ पिवळं बी परत दे. होतं नव्हतं ते तुझ्या हवाली केलं, घरात एक दाणा नाही. पोस्टाने नको, घेऊनच ये.

आत्या

दि. २ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

हे पत्र चार वेळा फाडलं. ते बी उरलं नाही गं. डबीचं झाकण मी नीट लावलं नाही, संकराला वापरून उरलेलं बी सादळलं आणि बुरशीने खाल्लं. कामाची गडबड ही थाप होती, मला तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती. संकराचं बी निघालं तेवढं तुलाच पाठवलं, आणि वर आमच्या पाकिटांवर छापतात ते 'बी धरू नका' तुला पोपटासारखं लिहून बसले! आता पिवळा उरलाय तो फक्त तुझ्या लाल फळांत. एखादं शिल्लक असेल तर खाऊ नकोस, पेर. चारांत एखादं झाड पिवळं निघतं. हवं तेवढं रागाव, पण पेर.

लोभ मागायला तोंड नाही.
खारूताई

दि. १८ नोव्हेंबर

चि. खारूताईस अनेक अनेक आशीर्वाद.

फळ हाती आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अगं, बियांच्या बाबतीत मी कधी कुणाचं ऐकलंय? तुझं 'धरू नकोस' आलं त्याच दिवशी पेरलं. 'पेर' आलं तेव्हा रोपं बोटभर झाली होती. चाळीस झाडं, आणि शिस्तीचा पार बोऱ्या! कुणी लांबट, कुणी चपटा, कुणी गोटीएवढा. अशा वर्गाची मला सवय आहे. त्यांत नऊ पिवळे! पहिल्याने रंग धरला तेव्हा वाफ्यातच फतकल मारून रडले, आणि साप चावला समजून शेजारीण काठी घेऊन धावत आली.

नवांतल्या तिघांना मर रोगाने नेलं, सहा ठणठणीत आहेत. बी सादळलं याचा राग मला कधीच नव्हता. तू आली नाहीस याचा आहे, अजून आहे.

चव तीच आहे का, हे एकटीने ठरवायचा धीर होत नाही. पहिलं फळ झाडावरच ठेवलंय. ते शनिवारपर्यंत दम धरेल. मी नाही धरणार.

वाट पाहणारी,
आत्या