उजव्या चाकातला खेळ

माझ्या नातीला बघायला सगळ्यात आधी आली चिमाबाई, मुलाची आत्या. काल रविवारी, घोडेगावहून एसटीनं, बाकीच्यांच्या अर्धा तास आधी, आणि पाणी प्यायच्या आत तिनं आमची मोरीसुद्धा बघून घेतली. मृत्युपत्रात हे कशाला, असं वाचणारा म्हणेल. पण ती मंडळी आली नसती तर हा कागद झालाच नसता, म्हणून तिथूनच धरते.

मी कोंडाबाई सावळेराम तांबे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण तिसरी, राहणार ओतूर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. डोकं ठिकाणावर आहे. कालपासून हबकलेली आहे, पण हबकणं म्हणजे वेड लागणं नव्हे. माझा हात धरून कुणी लिहून घेत नाही. सून प्रतिभा दोनदा चहाच्या निमित्तानं डोकावली, तिला परत पाठवलं. दोन वर्षांमागं जुन्नरला वकिलांकडून केलेलं मृत्युपत्र या कागदानं रद्द करते. त्यात गॅरेज नातू सुदर्शनच्या नावे होतं.

कलम एक. राहतं घर मुलगा भरत आणि सून प्रतिभा या दोघांच्या नावे. दोघांच्या म्हणजे दोघांच्या. ग्रीसचे कपडे तिनं धुतलेत, त्यानं नाही.

कलम दोन. ओढ्याकाठची वीस गुंठे जमीन भरतचा थोरला, सुदर्शन याला. तो चाकणला कंपनीत आहे, सुखात आहे. गॅरेज पाडून दुकानाचे गाळे काढायचं त्याच्या मनात आहे, हे त्यानंच मला सांगितलं. पोरगं लबाड नाही. आता त्यानं ओढ्याकाठी गाळे काढावेत नाहीतर वांगी लावावीत.

कलम तीन. धाकटे दीर रामनाथ यांनी माझ्या मालकांच्या तेराव्याला मोठा जॅक उसना नेला, तो अजून आणला नाही. तो जॅक मी त्यांनाच देते, म्हणजे मेल्यावर तरी माझ्या तोंडून चोर हा शब्द निघायचा नाही.

कलम चार. रस्त्याकडचं गॅरेज, पत्र्याच्या शेडसकट. हे लांबणार आहे.

माळशेज घाट उतरायच्या आधी ट्रक आमच्याकडं थांबतात. काय झिजलंय ते बघायचं, दुरुस्त होईल ते करायचं, नाहीतर बदलायचं, हा आमचा धंदा. मालकांची नजर अधू, म्हणून खडूचं काम माझ्याकडं होतं. लोखंडी भाग डिझेलनं धुवायचा, कोरडा पुसायचा, वरून खडूची पूड चोळायची आणि गप बसायचं. चीर असली तर आत मुरलेलं डिझेल पांढऱ्यावर काळी रेघ काढतं. मालकांच्या मागं हे सगळं भरत बघतो, बापासारखा कान आहे त्याला, असं मी गावभर सांगत होते.

तर काल. संपतराव म्हणजे मुलाचे वडील आणि आदेश म्हणजे मुलगा, दोघं ओतूरच्या बाजारात कांदा उतरवून तसेच ट्रकनं अंगणात आले. अक्षदा, भरतची धाकटी, पोह्यांचं ताट घेऊन निघाली होती. ट्रक वळताना ती दारात थबकली. मला वाटलं लाजली. पाव्हणे बसले, तिनं ताट ठेवलं आणि खाली बघूनच म्हणाली, "काका, उजवीकडं खेळ आहे."

उजवीकडं आदेश बसला होता.

चिमाबाईचा घास हातातच राहिला. "आमच्या पोरात कसला खेळ? वर मान करून कुणाकडं बघत न्हाई तो."

"आत्या, गाडीचं म्हणते मी. पुढचं उजवं चाक." गॅरेजात खेळ म्हणजे भाग झिजून आलेली ढिलाई. बिचाऱ्या चिमाबाईला कुठून ठाऊक.

संपतराव हसले. "आठ दिवस झाले सगळी गाडी बघून आणलीय, पोरी. तू पोहे दे."

"पोहे देते. तुम्ही जॅक लावू द्या."

आदेश उठला, बापाला म्हणाला, "बघू द्या की, दादा. उद्या घाट मलाच उतरायचाय."

अक्षदानं पदर खोचला. चाक उचललं, टायरखाली पहार घालून रेटली, तर चाक सैल दारासारखं डुगडुगलं. चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनचा बुश झिजून पार गेला होता. तेवढ्यावर भागलं असं मी म्हणाले. तिनं ऐकलं नाही. चाक ज्यावर फिरतं तो स्टब एक्सल काढायला लावला, आदेशनं पहार धरली, भरतनं बोल्ट सोडले. मग तिनं तो धुतला, पुसला, खडू चोळला आणि गप बसली.

मी वाकले. मुळाशी, केसाएवढी, काळी रेघ उमटत होती. एवढ्या वर्षांत असल्या रेघा मी मोजून चार बघितल्या.

संपतराव उकिडवे बसले.

"घाटात तुटलं असतं का, ते मला सांगता येत न्हाई, काका," अक्षदा म्हणाली. "पण ही गाडी मी हलवू देणार न्हाई."

मी भरतला म्हटलं, "बरी तयार केलीस रे लेकीला."

तो म्हणाला, "आई, माझ्या कानात चार वर्षं झाली, शिट्टी वाजते. मला खेळ ऐकूच येत न्हाई. आवाज ती ऐकते, रेघ ती बघते. मी नुसतं आवळतो."

चार वर्षं. मी ज्याचं कौतुक करत हिंडत होते ते काम दुसऱ्याच हातचं होतं, आणि ते हात रोज मला भाकरी वाढत होते. कालपासून मध्येच हसू येतं, मध्येच अंगावर काटा.

निघताना संपतराव म्हणाले, "मुलगी पसंत. उपकार तर लई झाले. पण आमच्यात बायका गाडीखाली शिरत न्हाईत. गॅरेज नातवाला ठेवा, मुलगी आमाला द्या. गुरुवारी येतो." आदेश रेघेकडं बघत होता. मग ट्रक इथंच ठेवून तिघंही एसटीनं गेले.

अक्षदा हात धूत होती, तेव्हा विचारलं, "काय वाटतं तुला?"

"मुलगा बरा आहे, आज्जी. पहार धरली तर हलली न्हाई." मग म्हणाली, "त्यांना काय सांगू मी, गॅरेज सोडत न्हाई म्हणून? माझं आहे का ते?"

म्हणून कलम चार असं: गॅरेज, शेड, सगळी हत्यारं आणि मालकांची पहार ही माझी नात अक्षदा भरत तांबे हिच्या एकटीच्या नावे. लग्न केलं तरी, नाही केलं तरी, घोडेगावला केलं तरी. तिच्या सासरचा किंवा माहेरचा कुणी ते विकायला सांगू लागला तर त्याला हा कागद मोठ्यानं वाचून दाखवावा. मृत्युपत्र मेल्यावरच चालतं, हे मला ठाऊक आहे. तेवढा दम मला नाही, म्हणून किल्ली आज सकाळीच तिच्या हातात दिली. भरतनं बघितलं आणि मान डोलावली. सुदर्शनला फोन मी स्वतः करणार आहे.

वरचं सगळं मी वाचलं, माझंच आहे, खाली सही माझी. दोन्ही साक्षीदारांदेखत केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केल्या.

सही: कोंडाबाई सावळेराम तांबे

साक्षीदार:
१. दादाभाऊ डुंबरे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर
२. उज्ज्वला घोलप, शिक्षिका

ठिकाण: ओतूर. सोमवार, दिनांक १० फेब्रुवारी २०२५.

सहीनंतर लिहू नये असं उज्ज्वलाबाई म्हणतात, तरी एवढं राहू द्या. ट्रक अंगणात ठोकळ्यांवर आहे, नवीन स्टब एक्सल यायचाय. काय उत्तर द्यायचं ते अक्षदा ठरवील, मी विचारलेलं नाही. पाव्हणे यायचेत गुरुवारी, तेरा तारखेला, बाजार उरकून.