रिकाम्या हातांनी जिना

प्रिय ठमू,

रोज संध्याकाळी तुझा फोन येतो तो बाबांच्या फोनवर. तू विचारतेस, आई कशी आहे, आणि ते माझ्याकडे बघत सांगतात, बरी आहे. मी समोरच उभी असते. (बसवत नाही म्हणून उभी, हे तुला ठाऊक आहेच.) मग ते फोन माझ्यापुढे धरतात आणि नेमकी तेव्हाच तुझी मीटिंग सुरू होते, नाहीतर दारावर कुणीतरी येतं, नाहीतर बॅटरी संपते. मी पडल्यापासून तुझी बॅटरी फारच लवकर संपायला लागली आहे. दुकानात दाखवून घे. तोवर हे पत्र वाच, आणि वाचताना दारावर कुणी आलंच तर त्याला थोडा वेळ बाहेर उभं राहू दे.

आधी माझी खरी बातमी. बाबांचं 'बरी आहे' हे अर्धंच खरं आहे. माकडहाडाला गेलेली चीर जुळली, डाव्या खुब्यावरचा काळानिळा डागही गेला, पण दुखणं काही गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, आणि थोडं कायमचं राहिलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. इतक्या वर्षांत माझं डोकं दुखलं, दाढ दुखली, तू झालीस तेव्हा तर विचारू नकोस. पण ती सगळी दुखणी येऊन गेली. हे मुक्कामालाच आलं आहे. या वयात घरात नवी सासू आल्यासारखं झालंय बघ. बसले की बोलते, उठले की बोलते, कूस बदलली तरी तिला विचारून बदलावी लागते. माझ्या खऱ्या सासूबाई म्हणजे गरीब गाय, जन्मात मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याची सगळी भरपाई आता चालली आहे.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, ते कशाला लपवू? दुखण्यापेक्षा मला राग यायचा तो उचलून उभं करण्याचा. तुझे बाबा माझ्या काखेत हात घालून 'चला, पुढे चला' म्हणायचे. जन्मभर बस चालवली, आता मला चालवायला निघाले. एकदा मी इतकी ओरडले त्यांच्यावर की बिचारे बाहेर जाऊन अंगण झाडत बसले, तेही सकाळीच झाडलेलं. मग मीच खिडकीतून हाक मारली आणि आम्ही दोघंही थोडे रडलो. तू पाठवलेली ती मधे भोक असलेली उशी पोचली. उशी छान आहे, पण मला ती दुपारपर्यंतच मिळते. दुपारी तुझे बाबा तिच्यावर बसून टीव्ही बघतात आणि म्हणतात, ही आपल्या बसमध्ये असती तर माझी कंबर वाचली असती.

त्यानंतर तू मलम पाठवलंस, शेकायची पिशवी पाठवलीस, काठी पाठवलीस, मग दुसरी काठी पाठवलीस जी मिटून पर्समध्ये मावते. कुरिअरवाला आता मला आजी म्हणतो आणि तब्येत विचारतो. तो आठवड्यातून दोनदा येतो. तू अजून एकदाही आली नाहीस.

कामाचं सांगते. शिवणयंत्र वर, मी खाली. बाबांनी शेजारच्या सुताराला बोलावून आणलं होतं, दोघं मिळून यंत्र खाली आणणार होते. मी जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. त्यांना वाटलं, मला त्यांच्या पाठीची काळजी. तसं नव्हतं. यंत्र एकदा खाली आलं की मला वर जायला कारणच उरलं नसतं, आणि मग हळूहळू वरची खोली ही जुन्या सामानाची खोली झाली असती, त्या सामानात मीही. सुताराला चहा पाजून परत पाठवला. बसून शिवता येत नव्हतं, तर उभ्याने जे जमतं ते घ्यायला लागले. जेवणाच्या टेबलावर कापड बेतायचं, काजं करायची, बटणं लावायची. आता पँटची लांबी कमी करायची तर खाली वाकून टाचण्या लावाव्या लागतात, आणि वाकलं की या नव्या सासूबाई बोलतात. म्हणून मी गिऱ्हाइकालाच टेबलावर चढवते. परवा बँकेतले ते मॅनेजर, पोटावर हात बांधून, मोजे घालून आपल्या जेवणाच्या टेबलावर उभे होते आणि सारखे विचारत होते, बाई, हे टेबल हलतंय का? मी म्हटलं, टेबल नाही, तुम्ही हलताय. उतरताना त्यांनी माझाच हात धरला! त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोट धरून हसले. दुखलं, पण हसले.

व्यायाम शिकवायला येतात त्या बाई वयाने तुझ्याएवढ्या असतील, पण शिस्त बघशील तर शाळेतल्या हेडबाई. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, मी वर कधी जाणार? त्या म्हणाल्या, पाय उचलताना पोट आत ओढायला शिकलात की. पलंगाला धरून टाचा उचलायच्या, भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरकायचं, हे मी सकाळ-संध्याकाळ करते आहे. मग खालच्या एका पायरीवर चढ-उतर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कायम कठड्यावर. शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण कठडा धरायला सांगितला तेव्हा माझ्या हातात बाबांचा धुतलेला सदरा होता. वर जाणार नव्हते, एकाच पायरीवर चढणार होते, तरी सदरा उचललाच होता. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या घरात जिना रिकाम्या हातांनी चढत नाहीत.

त्यांना गंमत वाटली, पण तू तर यातच वाढलीस. लग्न होऊन आले तेव्हा बाबांनी मला पहिली गोष्ट हीच शिकवली होती. रिकामी बस डेपोत न्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. तोच नियम त्यांनी घराला लावला. वर न्यायचं सामान खालच्या पायरीशी ठेवायचं, जो चढेल त्याने उचलायचं. खाली आणायचं ते वरच्या पायरीशी. तू रांगायला लागलीस तेव्हा तोंडात मोजा धरून चढायचीस, आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवायचो. माझी तर सवय अशी की एका खेपेत सगळं जायला हवं. दोन खेपा म्हणजे मला स्वतःची हारच वाटायची.

म्हणून आता मी पडले त्या दिवसाचं नीट सांगते, कारण तू तिथे नव्हतीस. तुझी टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी आत आले. खालच्या पायरीशी तुझी जाड रजई होती आणि तिच्या बाजूला पुस्तकांचा खोका. तू जाता जाता म्हणाली होतीस, आई, हे वर टाक गं. या घरात प्रत्येकाने प्रत्येकाला जन्मभर तेच म्हटलं आहे. बाबा आत होते, त्यांनी हाक मारून सांगितलं, खोका मी नेतो. मी म्हटलं, असू दे. रजई कवेत घेतली, तिच्यावर खोका ठेवला आणि वरून हनुवटीने दाबला. पाय दिसत नव्हते. जिना जिथे वळतो तिथे पायरी आतल्या बाजूला निमुळती होते, हे मला तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ठाऊक आहे. तरी आतूनच वळले, कारण बाहेरून वळायला खोका आडवा येत होता. तेव्हासुद्धा हातातलं टाकून कठडा धरावा हे मला सुचलं नाही. मी खोका सांभाळत पडले. पुस्तकांना काहीही झालेलं नाही.

तुझ्या बाबांच्या पोटात काही राहत नाही. तरी ही एक गोष्ट त्यांनी बरेच दिवस ठेवली आणि गेल्या आठवड्यात भाजी चिरता चिरता बोलून गेले. तू त्यांना फोनवर म्हणालीस म्हणे, मी तो खोका तिथे ठेवला नसता तर आई आज धडधाकट असती, तिच्यासमोर कोणत्या तोंडाने येऊ? तोवर मला वाटत होतं, तुला काम फार आहे. तेव्हाच लिहायला घेणार होते, मग हात आवरला. खाटेला धरून, काठी टेकत 'तुझी काही चूक नाही' असं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई समजूत घालतेय. तू हट्टी आहेस, आणि तो हट्ट कुणाकडून आला हे मला माहीत आहे. म्हणून ठरवलं की आधी तो जिना चढायचा आणि मगच लिहायचं.

ठमू, आज सकाळी मी चढले. दोन्ही हात रिकामे. बाबा एक पायरी मागे, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प. वळणावर पाय उचलेना. दुखत होतं म्हणून नाही, मी घाबरले होते. वाटलं परत फिरावं. मग दोन्ही हातांनी कठडा धरला, बाहेरच्या रुंद बाजूने दुखरा पाय ओढून घेतला आणि वर आले. हे पत्र मी वरच्या खोलीतून, बेतायच्या टेबलाशी उभी राहून लिहिते आहे. अजून दुखतंय. उद्याही दुखेल, आणि मी उद्याही चढणार आहे. मी पडले ते तुझ्यामुळे नाही, पोरी, पण तू बोलत नाहीस ते मात्र तुझ्यामुळेच आहे, आणि ते मला या हाडापेक्षा जास्त दुखतं. घरी ये. त्याआधी फोन कर, बाबांच्या नाही, माझ्या फोनवर. मला त्याच्यापर्यंत पोचायला हल्ली वेळ लागतो, पण मी पोचते. वाजू दे. ठेवू नकोस.

तुझीच वाट बघणारी,
आई