भट्टीसमोरचा बाक

आई, कॉलेज रोडला कॉफीचं नवं दुकान निघालं की ऑफिसातल्या मुली आधी मला विचारतात, जाण्यासारखं आहे का? मी एकटी जाऊन येते, कपाचा कान चिकट लागतो का ते बघते, बरणीतली बिस्किटं कधीची आहेत ते विचारते आणि मग निकाल देते. त्यांना वाटतं ही माझी हुशारी. ती तुझी आहे. सटाण्याहून नाशकात आलीस तेव्हा तुला इथले रस्तेही ठाऊक नव्हते. पण बाबांना अंबडच्या कंपनीत शनिवारी सुट्टी असायची, आणि स्कूटरवर मागे बसून तू चांगल्या बेकरीसाठी अख्खं शहर पालथं घातलंस. पाव हातात आला की उलटा करून त्याचं बूड बघायचीस आणि सरळ आत डोकावून विचारायचीस, "भाऊ, भट्टी लाकडानी शे का?" बाबा लाजून उगाच स्कूटर पुसत बसायचे. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मला मात्र तुझा फार अभिमान वाटायचा.

दोन वर्षांनी जुन्या नाशकातली ती भट्टी सापडली. दर उन्हाळ्यात मैदा, पिठीसाखर आणि घरी कढवलेलं तूप घेऊन जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. तिथले चाचा तुपाचा वास घेऊन म्हणायचे, "ताई, असं तूप आजकल कोण आणतं?" मग दिवसभर तू खुशीत. तुझा नियम एकच होता. आपला ट्रे निघेपर्यंत भट्टीसमोरच्या बाकावरून हलायचं नाही, कारण सगळ्यांचे ट्रे सारखेच दिसतात.

बारावीच्या सुट्टीत तू मला एकटीला पाठवलंस. निघताना म्हणालीस, "ट्रे निघस नही तवलोंग उठजो नको." मी दहा मिनिटं बसले असेन. मैत्रीण लुना घेऊन आली आणि आम्ही कॉलेज रोडला कॉफी प्यायला गेलो. तासाभराने परतले तेव्हा माझा डबा भरून तयार होता. घरी तू एक नानकटाई मोडतेस, जिभेवर ठेवतेस आणि थांबतेस. डालडा. "तू तठेच बठेल व्हती ना?" मी म्हणते, हो, तिथेच.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास, म्हणून दोष चाचांकडे गेला. दुसऱ्या दिवशी भर गिऱ्हाइकांत, आमचं तूप ठेवून घेतलंत म्हणून तू त्यांना बोललीस. ट्रे बदलला असेल, ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पोरगी समोर बसली होती, तू म्हणालीस. मी तुझ्या मागे उभी होते. आपल्या कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी ती भट्टी सोडली. तू पुन्हा पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत शोधत राहिलीस, आजारी पडेपर्यंत. दरवेळी एक तुकडा चाखून म्हणायचीस, "ठीक शे." तेवढंच.

चाचा अजून गल्ल्यावर बसतात. तुझी मुलगी म्हणून ओळखतात, आणि तरी खारी निवडून देतात, खालची, कुरकुरीत. त्यांना खरं सांगायचं ठरवून मी आजवर चारदा गेले. तुला लिहिणं सोपं आहे, तू हे वाचायला नाहीस. आज पाचव्यांदा गेले होते. ते म्हणाले, "तुझी आई तुपाची खरी पारखी होती." मी हो म्हणाले आणि खारी घेऊन घरी आले.