बैलजोडीचं विमान

वडसा, ६ जानेवारी २०२५

ती. मयुरीताईस, धाकट्या विक्कीचा दंडवत.

पत्र पाहून घाबरू नको. मोबाईल शाबूत आहे, पण आमच्या डायरेक्टरनं, राजदीपभाऊनं, पाठांतर होईस्तोवर तो आपल्या पेटीत ठेवला. भामरागडले चादरी विकायले गेलो होतो. येताना बसमध्ये एकानं मासे धरायले दिले, त्याच्या मागं उतरलो, तर समोर नाटकवाल्यांची गाडी. ते जाऊ दे. मले हिरोचं काम भेटलं.

नाटक ‘आभाळाचा जावई’. दोन महायुद्धांच्या मधातला काळ. आपल्याकडला शेतकऱ्याचा पोरगा इंग्रजांच्या फौजेत पायलट व्हायले जाते. चामड्याची टोपी, मोठा चष्मा, उघडं दुपंखी विमान. शिकवणारा साहेब पुढं बसते आणि रबरी नळीतून त्याच्या कानात ओरडते. आमचं विमान बांबूचं, नळी मोटरपंपाची. खाली बसून आमचा प्रॉम्प्टर चैतू तिच्यातून मले वाक्यं सांगते, म्हणून पाठांतराची चिंता नाई.

चिंता दुसऱ्या अंकाची. साहेब एक दिवस विमानातून उतरते आणि म्हणते, आता एकटा जा. तिथं विमान माझ्यासकट दोरीनं वर ओढतात. ताई, मी मोहाच्या झाडावर चढलो नाई कधी. खेळ तुमच्याच वस्तीवर, शंकरपटाच्या दिवशी आहे, दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री आमचं नाटक. नाईच जमलं तर तेलंगणात मिरची तोडायले जाईन. भाऊजीले सांगू नको.

माझं विमान सध्या तुझ्या लोभावरच टांगलेलं आहे.

विक्की

मूल, ११ जानेवारी

चि. विक्कीस आशीर्वाद.

पत्र कंडक्टरनं दिलं, माशाचा वास होता. तुझ्या भाऊजीनं माझ्याआधी वाचलं, ‘सांगू नको’ तर दोनदा. ते म्हणतात, आयटीआय अर्धी, मोबाईलचं दुकान अर्धं, आता चादरीही अर्ध्या. हे सोडलं तर राईस मिलच्या कोंड्याच्या खोलीत कायमचा उभा करतो. पडदा पडेस्तोवर तू हलणार नाईस, असा मी त्यांले शब्द दिला आहे. तो मोडला तर यापुढं तुझ्यासाठी मी कोणाजवळ तोंड उघडणार नाई.

विमान ओढायले गावच्या मंडळाची माणसं जेवणानंतर सापडत नाईत, म्हणून भाऊजी आपली पटात धावणारी बैलजोडी देऊन राह्यले. दोरी जुवाले बांधायची, बैल हळू चालवायचे. फक्त जवळ शिट्टी वाजवू नका म्हणावं. आमची जोडी शिट्टीवर सुटते.

स्वेटर घाल. हिरोइन कोण ते काऊन नाई लिहिलंस?

तुझ्यावर जीव आणि नजर ठेवून असलेली,
मयुरी

अहेरी, २३ जानेवारी

ती. ताईस साष्टांग, यावेळी जमिनीवरून.

गाडी लगेच सुटली, भेट नाई झाली. तुले समोरून दिसलं ते नाटक. मागचं सांगतो.

साहेब उतरला, म्हणाला, आता एकटा जा. मागच्या पडद्याले फट होती, फटीतून मिरचीवाल्यांची गाडी दिसत होती. खरं लिहितो, एक पाय मी बाहेर टाकलाच होता. तेवढ्यात शिट्टी वाजली. बैल सुटले. मी असा वर गेलो की टोपी खाली राह्यली. दोरी कप्पीत अडकली आणि बैलांकडून तुटली, मी वरच टांगलेला, नळी सुटून खाली चैतूच्या हातात. बैल आपल्या सवयीनं पार शर्यतीच्या पट्टीच्या शेवटी थांबले, लोकांनी टाळ्या त्यांलेच दिल्या.

शिडी भोंगेवाला घेऊन गेला होता. म्हणून तिसरा अंकही वरूनच केला. वाक्य एकही आठवेना. मनातलं तेच तोंडातून निघालं, की साहेब, तुम्ही उडवायचं शिकवलं, उतरायचं शिकवलं नाई. माणसं हसली, मग बाया डोळे पुसू लागल्या. लग्नाचा हार दीपिकानं (हिरोइन, झालं समाधान?) आंबे तोडायच्या आकड्यानं घातला. पडदा पडेस्तोवर मी तिथंच होतो. जायले जागाच नव्हती.

आता अहेरीवाल्यांनी बोलावलं. त्यांले बैलही पाहिजेत. पण नाटकातल्या साहेबाजवळ शिट्टी असते, ती तर त्याच्या खिशातच होती, मी वरून पाहिली. मग वाजवली कोणं?

तुझा लोभ उंचावर असो, मले खाली राहू दे.

विक्की

मूल, २८ जानेवारी

चि. विक्कीस आशीर्वाद.

मी समोर नाई, बायांच्या बाजूले बसली होती, तिथून विमान आडवं दिसते. तुझा बाहेर आलेला पाय मी पाहिला, भाऊजीनंही पाहिला. ते नुसते माझ्याकडं पाहून हसले. शिट्टी त्यांच्या गळ्यात होती, मी ओढून तोंडाले लावली.

भाऊजीनं कोंड्याच्या खोलीत दुसरा माणूस ठेवला. अहेरीले बैल येणार नाईत, मीही नाई. लोभ जसा होता तसा आहे, शिट्टी मात्र माझ्या डब्यात राहील. आता एकटा जा.

मयुरी